हरिणीला अजून पाणी मिळालेलं नाही

ताई, सलाम.

तुमचं लिहिलेलं दोन दिवस मनात घेऊन फिरलो. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमची आई जाऊन चौदा महिने झाले. तोवर तुम्ही मंडळीत गीतं सांगायचात, संडे स्कूल घ्यायचात, घरातली रात्रीची कुटुंबप्रार्थना कधी चुकली नाही. आता प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. देव हवा आहे, पण तो जवळ आहे असं जाणवत नाही. कुणीतरी म्हणालं, "स्तोत्रं वाचा, आश्रय मिळेल." तुम्ही रोज सकाळी एक वाचायला घेतलं. पण एक स्तोत्र नुसतं आनंदाचं निघतं, दुसऱ्यात शत्रूचे दात पाडायची मागणी असते, आणि तुम्ही पुस्तक मिटून शाळेची वाट धरता. त्यात नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "तुझा विश्वास कमी पडला." तुम्ही विचारता : देवाने मला सोडलंय का? ही तळमळ म्हणजे अविश्वास आहे का? आणि स्तोत्रं वाचायची तरी कशी?

मी चौतीस वर्षं पाळक होतो. त्यातली बहुतेक वर्षं कोल्हापुरात आणि करवीर, पन्हाळा तालुक्यांतल्या खेड्यांत गेली. आठवड्यातून एकदा दवाखान्यांत जाऊन रुग्णांपाशी बसायचं, हेही कामच होतं. या काळात स्तोत्रसंहितेइतकं, म्हणजे बायबलातल्या दीडशे स्तोत्रांच्या पुस्तकाइतकं, दुसरं कुठलं पुस्तक माझ्या हातात राहिलं नाही, आणि स्तोत्रांच्या बाबतीत झाल्या तेवढ्या चुकाही माझ्याकडून दुसरीकडे झाल्या नाहीत. त्यातली एक आधी सांगतो.

सेवेचं दुसरं वर्ष होतं. एका खेड्यात तरुण जोडप्याचं आठ महिन्यांचं बाळ तापाने गेलं. दफन करून आम्ही घरी आलो. सोप्यात घोंगडं अंथरलं होतं, बाया आत बसल्या होत्या. मी तेविसावं स्तोत्र वाचलं, आणि लगेच तिसावं उघडलं. त्यात आहे की रडणं रात्रीपुरतं मुक्कामाला येतं, सकाळ होते ती हर्ष घेऊन. त्यावर मी पाच-सात मिनिटं बोललो. बाळाचा बाप ऊसतोडीला जाणारा माणूस, खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "पाळकसायेब, तुमचं बरोबर आसंल. पर आमची आजून रातच हाय की."

मला पुढे शब्द सुचला नाही. प्रार्थना करून मी सायकलवर परत आलो.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. दीडशे स्तोत्रांत हे एकच असं आहे की ते उजेडाकडे वळतच नाही. मूळ इब्रीत, म्हणजे हिब्रू भाषेत, त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. वाचून झाल्यावर मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "ह्ये कुणी लिवलंय?" मी म्हटलं, "वर नाव दिलंय, हेमान म्हणून." तो म्हणाला, "त्येचं बी प्वार गेल्तं काय?" मी म्हटलं, "तसं लिहिलेलं नाही." मग त्याने विचारलं, "आनि ह्ये शास्त्रात हाय?" शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहे म्हटल्यावर त्याने ते मला पुन्हा वाचायला लावलं. आतून त्याची बायको उंबऱ्यापाशी येऊन बसली.

आम्ही पाळक लोक माणसांना स्तोत्राच्या शेवटच्या ओळीकडे फार लवकर ढकलतो. शेवटी स्तुती आहे ना, मग तिथे पोचा, असं. तुम्हालाही बहुतेक तसंच झालंय. "आश्रय मिळेल" असं सांगून कुणीतरी तुम्हाला पुस्तक दिलं, आणि आश्रय मिळाल्यासारखं वाटेना म्हणून तुम्ही स्वतःलाच दोष देताय. ताई, स्तोत्रात ज्या ओळीवर तुम्ही आज उभ्या आहात तिथेच थांबायची तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. ती ओळ लिहिणाराही कधीतरी तिथेच उभा होता, आणि लोकांनी ती जपून ठेवली. या पुस्तकाचं इब्री नाव तहिल्लीम, म्हणजे स्तुती. पण आत मोजायला बसलात तर विलापाची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त भरतात. ज्यांनी हे पुस्तक बांधलं त्यांनी हेमानचा अंधारसुद्धा स्तुतीच्या पुस्तकात घेतला. देवाच्या तोंडावर केलेली तक्रार त्यांनी भक्तीतच धरली.

आता बेचाळीसावं स्तोत्र. तुमच्यासाठी मी हेच निवडतो, आणि पुढचे पंधरा दिवस रोज नवं स्तोत्र वाचू नका असंच सांगतो.

"हरिणी जशी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते" ही सुरुवात तुम्हाला पाठ असेल. आपल्याकडे ती दिनदर्शिकांवर झऱ्याचं चित्र घालून छापतात. पण स्तोत्र पुढे वाचत जा आणि हरिणीला पाणी कुठे मिळतं ते शोधा. कुठेच मिळत नाही. त्याऐवजी सातव्या ओवीत काय येतं बघा. धबधब्यांचा आवाज, ओघ ओघाला हाक मारतोय, आणि लाटा या माणसाच्या डोक्यावरून चालल्यात. मागितला होता प्यायला झरा, आला तो लोंढा.

हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५० फुटांच्याही वर गेलं होतं. तुमच्या बावड्याच्या बाजूनेही चहूकडे पाणी होतं. आणि नळाला? उपसा केंद्रंच बुडाली, त्यामुळे शहरात दिवसचे दिवस टँकरसमोर घागरी घेऊन रांगा. दारात पाणी, घशाला कोरड. बेचाळीसावं स्तोत्र त्या रांगेतलं आहे.

त्या पुरात आमची काही माणसं एका शाळेच्या वर्गात मुक्कामाला होती. नदीकाठच्या गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. होडीतून काढताना अंगावरचं लुगडं आणि औषधांची पिशवी एवढंच आलं, मोठ्या अक्षरातलं शास्त्र घरीच राहिलं. मी त्यांना माझं पुस्तक पुढे केलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. म्हंत्ये मी." आणि बाकाला टेकून, डोळे मिटून, त्यांनी बेचाळीसावं स्तोत्र पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हटलं. लहानपणी बोर्डिंगात पाठ केलेलं. लाटांच्या ओवीवर आल्या तेव्हा दोनच शब्द त्यांनी पुन्हा म्हटले : "तुझ्या लाटा." म्हटल्या आणि पुढे गेल्या.

मी त्या दोन शब्दांवर पुष्कळ विचार केलाय. पूर देवाने शिक्षा म्हणून पाठवला असं मी कधीच म्हणणार नाही. धरणं, पाऊस, नदीच्या पात्रातली बांधकामं यांचा हिशेब माणसांनी द्यायचा आहे. तुमच्या आईचं आजारपण हीसुद्धा शिक्षा नव्हती. आजींच्या तोंडून मी जे ऐकलं ते वेगळं होतं. बुडत असतानाही त्या माणसाने 'तू' म्हणणं सोडलेलं नाही. लाटांबद्दल तो दुसऱ्या कुणापाशी बोलत नाही. ज्याच्यावर रागावलाय त्याच्याकडेच तोंड करून उभा आहे. देव जवळ जाणवत नाही असं तुम्ही सांगता, पण तुमच्या त्या लांबलचक लिखाणात चार ठिकाणी मधेच वाक्य वळतं आणि तुम्ही मला सोडून त्यालाच विचारता, "का रे देवा?" तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसलं. अविश्वासात माणूस असं वळत नाही, गप्प होतो.

आजींचं शास्त्र नंतर सापडलं, चिखलात फुगलेलं. गच्चीवर दोरीला उलटं टांगून, पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून त्यांच्या नातीने ते वाळवलं. स्तोत्रसंहिता पुस्तकाच्या मधोमध येते, त्यामुळे तोच भाग शेवटपर्यंत ओला राहिला. पानं सोडवताना काही ओळी शेजारच्या पानावर उमटल्या. ते पुस्तक आजही त्या घरात आहे, आणि वाचता येतं.

आश्रय या शब्दाबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचंय. मला वाटतं तुमची गाठ तिथेच बसलीय. आश्रय म्हटलं की आपल्याला वाटतं शांतता, सावली, आता काही त्रास नाही. स्तोत्रांतला शब्द मात्र लढाईतला आहे. अठराव्या स्तोत्रात दावीद म्हणतो, परमेश्वर माझा दुर्ग, माझा गड. सत्तावन्न आणि एकशे बेचाळीस या स्तोत्रांच्या मथळ्यांत तर तो गुहेत लपलेला आहे, आणि शौल राजाची माणसं त्याच्या मागावर आहेत.

गड म्हणजे काय ते आपल्याला पन्हाळ्याने शिकवलंय. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावर होते आणि खाली सिद्दी जौहरचा वेढा. महिने गेले, पावसाळा आला तरी वेढा उठला नाही. माणूस गडावर जातो तो संकट संपलं म्हणून जात नाही. संकट दारात आलेलं असतं म्हणून जातो. आत गेल्यावरही बाहेरचे तंबू दिसतच राहतात. तुम्ही पुढच्या वेळी पन्हाळ्यावर गेलात तर दोन जागा या डोळ्यांनी बघा. एक अंबारखाना : धान्याची ती प्रचंड कोठारं, गंगा, यमुना, सरस्वती. दुसरी अंधारबाव. वरून साधी दगडी इमारत वाटते, आत उतरत गेलं की सगळ्यात खाली पाणी. वेढ्यात बाहेरच्या पाण्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून आतलं पाणी असं झाकून राखलेलं.

पुरातल्या आजींकडे अंबारखाना होता. चांगल्या दिवसांत भरून ठेवलेला, शास्त्र वाहून गेलं तेव्हा उघडला. तुमच्याकडेही आहे, ताई. इतकी वर्षं गीतं सांगणाऱ्या बाईच्या पोटात किती स्तोत्रं असतील ते तुम्हाला स्वतःला माहीत नाही. आज त्यांची चव लागत नाही, एवढंच. वेढ्यात धान्य खातात ते चवीसाठी नाही. तेव्हा "मला काही वाटत नाही" म्हणून वाचन सोडू नका, आणि वाचून काही वाटलं नाही म्हणून वाचन वाया गेलं असंही धरू नका.

बेचाळीसाव्या स्तोत्रातला माणूस कोण होता हे बघितलंत तर तुम्हाला आपलंच कुणीतरी भेटेल. मथळ्यात कोरहपुत्रांचं नाव आहे, म्हणजे मंदिरात गाणारी मंडळी. चौथ्या ओवीत तो सांगतो की सणाला निघालेल्या लोकांना घेऊन मी देवाच्या घराकडे जात असे, गात, जयजयकार करत. दिंडीच्या पुढे चालणारा माणूस. आणि आता तो दूर उत्तरेला, यार्देन नदीच्या उगमाकडे, हर्मोन डोंगराच्या बाजूला अडकलाय. यरुशलेम लांब राहिलं. त्याचे अश्रू रात्रंदिवस त्याचं अन्न झालेत. तुम्ही लिहिलंय की सुरुवातीचे महिने घास उतरत नव्हता, त्याचंही तेच. ज्याने कधी गायलंच नाही त्याला गाणं थांबल्याचा सल नसतो. तुमची तळमळ किती जुन्या ओळखीतून आली आहे बघा.

आणि तो काय मागतो? दुसऱ्या ओवीत विचारतो, देवापुढे मी कधी येईन, त्याचं दर्शन मला कधी होईल? इब्रीत समोर असणं आणि मुख यांना एकच शब्द आहे, पानीम. तो देवाकडे उत्तर मागत नाही, कारण मागत नाही, आजारपण का आलं याचा खुलासा मागत नाही. तोंड बघायचंय त्याला. आई गेल्यावर माणसाला जे हवं असतं तेच. तुमच्या लिखाणात एक वाक्य होतं : "मला देव आठवतो की आई, हेच कळेनासं झालंय." तुम्ही ते कंसात, खजील झाल्यासारखं लिहिलंत. मला ते सगळ्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य वाटलं. आई गेली की माहेर संपलं असं आपल्याकडे बायका सहज म्हणून जातात. ज्या आईने मांडीवर घेऊन पहिली प्रार्थना शिकवली तिच्याबरोबर प्रार्थनेचं घरही मिटल्यासारखं झालं, तर त्यात पाप कुठलं? दोन्ही ओढी एकमेकींत गुंतल्यात. त्या सोडवायची घाई करू नका. सत्ताविसाव्या स्तोत्रात आईबाप सुटल्याचं आणि परमेश्वराने जवळ घेतल्याचं एकाच ओवीत आहे. एकशे एकतिसाव्यात तर जीव दूध तुटलेल्या लेकरासारखा आईपाशी शांत बसलाय. ते स्तोत्र अवघ्या तीन ओव्यांचं आहे. महिन्याभराने वाचा, आत्ता नको.

बेचाळीस आणि त्रेचाळीस ही दोन स्तोत्रं जोडून वाचा. त्रेचाळीसला स्वतंत्र मथळा नाही, आणि तेच पालुपद दोन्हींत मिळून तीनदा येतं : "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" तेव्हा मुळात ते एकच स्तोत्र असावं. तीनदा तो स्वतःच्या जिवाला समजावतो, देवाची आशा धर म्हणतो, आणि पहिल्या वेळी समजूत पटत नाही. लगेच पुढची ओवी आहे की माझा जीव आत खिन्नच आहे. दुसऱ्यांदाही तेच. रोज सकाळी स्वतःला समजावून शाळेत जाणाऱ्या बाईला हे कळेल.

त्रेचाळीसच्या तिसऱ्या ओवीत एक नवी गोष्ट होते. तो म्हणतो, तुझा प्रकाश आणि तुझं सत्य पाठव, ते मला नेवोत, तुझ्या पवित्र डोंगरावर पोचवोत. आपली वाट आपल्याला सापडणार नाही हे त्याला कळलंय. म्हणून तो न्यायला माणूस मागतो. सणाला माहेराहून मुराळी यायचा ना, तसं. सासुरवाशिणीने एकटीने निघायचं नसे. ती दारात उभी राहून वाट बघायची, आणि तेवढंच तिचं काम. प्रार्थनेत तुमच्याकडून सध्या एवढंच होत असेल तर तेवढंच करा. दारात उभ्या राहा.

हेही ऐका. गेथशेमाने बागेत येशू शिष्यांना म्हणाला की माझा जीव अति खिन्न झाला आहे. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्काने तिथे जो ग्रीक शब्द लिहिला आहे तोच शब्द जुन्या ग्रीक भाषांतरात या पालुपदात आहे. मला हे सेवेच्या बाराव्या-तेराव्या वर्षी कळलं आणि मी टेबलावरून उठून अंगणात गेलो. प्रभूच्या तोंडी हे स्तोत्र होतं असं मला वाटतं. आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर बाविसावं होतं : "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" देवाने मला सोडलंय का, हा तुमचा पहिला प्रश्न. तो प्रश्न खुद्द त्याच्या पुत्राने मोठ्याने विचारलाय, आणि तोही स्तोत्राच्याच शब्दांत. तुम्हाला सोडलेलं नाही, असं मी मनापासून मानतो. पण ते तुम्हाला जाणवलंच पाहिजे असा माझा आग्रह नाही. तुम्हाला जाणवेपर्यंत मंडळी तुमच्या वतीने ते धरून ठेवील. मंडळी असते कशाला?

शत्रूंबद्दल थोडक्यात. तुम्हाला शाळेत, घरात कुणी तलवार घेतलेला शत्रू नाही, म्हणून त्या ओव्या परक्या वाटतात. पण बेचाळीसमधला शत्रू बघा काय करतो : दिवसभर विचारतो, "कुठे आहे तुझा देव?" तुमच्या त्या नातेवाईक बाईंनी हाच प्रश्न जरा गोड करून विचारला. त्यांच्याबद्दल जो राग तुमच्या मनात आहे तो त्यांच्यावर काढू नका आणि गिळूही नका. देवापुढे म्हणून टाका, स्तोत्रकर्ता म्हणतो तसा. एकशे सदतिसाव्याच्या शेवटासारख्या फार कडक ओव्या मी स्वतः मंडळीत मोठ्याने वाचत नाही, पण एका बलात्कार झालेल्या मुलीच्या आईबरोबर एकदा बंद दाराआड वाचल्यात. त्या कशासाठी आहेत ते मला त्या दिवशी कळलं.

आता वाचायचं कसं. मोठ्याने. माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे. पहिल्या स्तोत्रात आपण 'मनन' वाचतो, तिथला इब्री शब्द हागा. यशयाच्या ग्रंथात सिंह भक्ष्यावर गुरगुरतो तिथे तोच शब्द आहे, आणि पारवा घुमतो तिथेही. म्हणजे मनन हे गप्प बसून करायचं कामच नव्हतं. ते तोंडातल्या तोंडात घुमवायचं होतं. तुमच्या आई भाकरी थापताना काहीतरी पुटपुटायच्या असं तुम्ही लिहिलंय. तेच ते. डोळ्यांनी वाचलं की मन लगेच विचारतं, "वाटलं का काही?" तोंडाने म्हटलं की शब्द घशातून जातात. इब्रीत जिवाला नेफेश म्हणतात आणि त्याच शब्दाचा एक अर्थ घसा. तहानेने कोरडा पडलेला तोच. सकाळी पोळ्या करताना म्हणा, नाहीतर रंकाळ्यावर फिरायला जात असाल तर चालता चालता. कुणी बघितलं तर बघू द्या.

एका बैठकीत एकच स्तोत्र, सलग, दोनदा. पहिल्यांदा त्याचं म्हणून, दुसऱ्यांदा आपलं म्हणून. जी ओवी तोंडातून निघेना तिथे थांबा, वाटलं तर तिथेच उठा. 'सेला' हा शब्द स्तोत्रांत एकाहत्तर वेळा येतो. त्याचा नेमका अर्थ कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण पुष्कळ जण तो थांबण्याची खूण मानतात, आणि मी तो तसाच वापरतो. दिवसाला पाच स्तोत्रं वाचली की महिन्यात दीडशे पूर्ण होतात, ही जुनी पद्धत चांगली आहे; मी स्वतः वर्षानुवर्षं पाळली. पण ती धडधाकट दिवसांची पद्धत आहे. तुम्हाला आज ती सांगणारा माणूस भेटला तर नम्रपणे नाही म्हणा. पंधरा दिवस बेचाळीस-त्रेचाळीस. मग तेरावं, ज्यात "कुठवर?" हा प्रश्न चारदा आहे. मग त्रेसष्ट, मग चौऱ्याऐंशी. त्यात चिमणीला आणि पाकोळीलाही देवाच्या वेदीपाशी घरटं मिळालंय. अठ्ठ्याऐंशी कुठल्याही वाईट रात्री.

एक वही करा. मलपृष्ठाकडून सुरुवात केलीत तरी चालेल. तिच्यात तुमचं स्वतःचं स्तोत्र लिहा, आईचं नाव घालून, दवाखान्यातल्या त्या रात्री काय झालं ते घालून. शेवटी स्तुतीची ओळ सुचली नाही तर जागा कोरी सोडा. खोटी ओळ लिहू नका. रविवारी भक्तीला जा. गाता येत नसेल तर गीताच्या वेळी नुसत्या उभ्या राहा आणि बाकीच्यांचा आवाज अंगावरून जाऊ द्या. गीतं परत सांगायला कुणी आग्रह केला तर "अजून नाही" म्हणा.

आणखी एक, हे पाळक म्हणून नाही, खूप बिछान्यांपाशी बसलेला माणूस म्हणून सांगतो. झोप महिनोन्महिने उडालेली असेल, कुठल्याच कामात जीव लागत नसेल, किंवा "आपणही नसतो तर बरं" असा विचार एकदा जरी आला असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र आहे, मराठीत बोलता येतं. स्तोत्र औषधाच्या जागी घेऊ नका, आणि औषध घेतलं म्हणून विश्वास कमी झाला असं कुणाचं ऐकू नका. संदेष्टा एलीया झाडाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकरी आणि पाणी दिलं, झोपू दिलं, आणि पुन्हा खाऊ घातलं. उपदेश केला नाही.

आपल्या भाषेत हे पुस्तक आणणाऱ्यांतही अशी माणसं होती. पंडिता रमाबाईंनी केडगावात इब्री आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्यानंतर जेमतेम नऊ महिने त्या जगल्या, आणि त्या महिन्यांतही भाषांतराचं काम करत राहिल्या. १९२४ मध्ये ते छापून आलं तेव्हा दोघीही नव्हत्या. लेक गमावलेली आई स्तोत्रांच्या ओळींवरून हात फिरवत बसलेली, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आई गमावलेल्या लेकीला ते सांगावंसं वाटलं.

तुमच्या शेवटच्या ओळीत आहे की आईचं शास्त्र कपाटात ठेवलंय, वरच्या फळीवर, साडीत गुंडाळून, आणि चौदा महिन्यांत ते उघडायचा धीर झालेला नाही. उघडा. स्तोत्रसंहितेच्या पानांवर त्यांची पेन्सिल फिरलेली असणार. त्या पिढीच्या बायका खुणा करायच्या, काठावर तारखा घालायच्या. कुठल्या स्तोत्रापाशी कुठली तारीख आहे ते बघा. त्यांच्याही वाईट रात्री तिथे सापडतील, तुम्ही लहान होतात तेव्हाच्या, ज्या त्यांनी तुम्हाला कधी सांगितल्या नाहीत.

एकटीने उघडवत नसेल तर ते तसंच साडीत गुंडाळलेलं घेऊन रविवारच्या भक्तीनंतर आमच्याकडे या. माझी बायको चहा टाकेल. बेचाळीसावं त्यांच्याच पुस्तकातून म्हणू, एक ओवी तुम्ही, एक मी.